पायलीच्या खांद्याशी

माघ, संकष्टी

चंद्रिकाबाई म्हणाल्या, अक्षरं आली तर आता रोज काहीतरी लिहा, नाहीतर गंज चढतो. चंद्रिकाबाई म्हंजे मास्तरांची मंडळी. दुपारी देवळात आम्हा बायकांना लिहायला शिकवतात. तिथं मी सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात बोलकी. माझं बोलणं पाटीवर मावत नाही म्हणून ही वही दिली. वर सन घाला म्हणाल्या. सन १९३८. घातला. तारखा माझ्या ध्यानात राहत नाहीत, सण राहतात.

आज लिहायला आनंदाचंच आहे. माझा बजा आला! बजरंग, माझ्या हौशीरामाचा थोरला. हौशीराम इथं लोणावळ्याला रेल्वेत फिटर, पण पोराला पुण्याला घालून इंजिनेर केला. त्याच्या कंपनीनं कोकणात एका खाडीच्या तोंडाशी, भर पाण्यात, दिव्याचा मनोरा बांधलाय, गलबतांना रात्रीची वाट दिसावी म्हणून. बजा त्याच कामावर. त्याचा फोटो आणलाय. मला तर समुद्रात कुणी रांजण पालथा घालून ठेवल्यागत दिसला.

दोन ट्रंका, वळकटी, छत्री, स्टोसुदा घेऊन आलाय. मी म्हटलं, "एवढं बिऱ्हाड कशापायी रं? किती दिसांची रजा?"

म्हणाला, "आहे आजी. बरीच आहे."

साहेबाची मर्जी असल्याबिगर एवढी रजा मिळत नाही. मी देवापुढं साखर ठेवली, शेजारणींना वाटली. मुक्ता, म्हंजे त्याची आई, चुलीकडं तोंड करून बसलेली. डोळे लाल. म्हणाली, "धूर झालाय, आत्याबाई." लाकडं तर चांगली वाळलेली होती. असो.

महाशिवरात्र

उपास आहे. रताळी खाल्ली, पोट फुगलंय.

कुरवंड्याची धोंडाबाई शिकेकाई घेऊन आली. तिचा पोरगा कोंडाजी त्याच मनोऱ्यावर दिवा लावतो, वरतीच राहतो. नोकरी बजानंच लावून दिली. गावभर सांगत सुटली होती, माझा ल्योक समुद्रात माडीवर राहतो म्हणून.

बजाला बघून तिनं डोक्यावरची पाटी उतरवली. "आन् माझा कोंडाजी? तो न्हाई आला?"

"दिवा कोण लावेल मावशी?" बजा म्हणाला.

"मंग तू का आलास?"

बजा पाटीतली शिकेकाई चिवडायला लागला. धोंडाबाईला बोलायची रीत नाही, मी म्हटलंच, "रजा हाय त्याला, तुला काय करायचंय?" पण ती हटेना. "आक्का, मानसं म्हनत्यात त्यो मनोरा कललाय. खरं हाय का त्ये?"

मग बजानं सांगितलं. खरं आहे. गेल्या पावसाळ्यात कलला. एक वीतभर. मोठे साहेब म्हणतात, बांधकाम कच्चं, सिमीट नीट भरलं नाही. बजा म्हणतो, बांधकाम लोखंडासारखं आहे. लाटा खालची वाळू खातायत. साहेबांनी खबरदारी म्हणून समुद्राकडच्या तोंडाला दगड टाकलेत, तरी कलणं थांबलेलं नाही. पुढचा पावसाळा बसला आणि वाळू अशीच गेली, तर मनोरा उभा राहील का सांगता येत नाही.

"आन् वर माझा पोरगा," धोंडाबाई म्हणाली.

"व्हय मावशी."

शिकेकाईचे पैसे न घेताच गेली. मी लांबपर्यंत हाका मारल्या.

दोन दिवसांनी

बजाच्या मनात काय आहे ते आज कळलं. तो घरातच समुद्र करणार आहे!

मी म्हटलं, वाळू खाल्ली जाते ते मला कळतं. लहानपणी तिकोण्याला, माझ्या माहेरी, पवनेत धुणं धुताना एका जागी उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकायची, गुदगुल्या व्हायच्या. बजा इतका हसला! आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "बस आजी, एवढंच आहे सगळं. फक्त टाच कुठं रिकामी होते ते शोधायचंय." साहेब म्हणतात, वाळू गेलीच तर पुढून जाते. पुलाच्या खांबाला पाणी येतं त्या तोंडाला खड्डा पडतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. पण पूल नदीत असतो, पाणी एका बाजूनं येतं. लाट येते आणि परत जाते. आणि हा मनोरा खांबासारखा बारीक नाही, चांगला पोटाळ आहे.

हौशीरामानं पत्र्याची लांब डोणी करून दिली, बैलांना पाणी पाजायला असते तशी, पण लांबलचक. माझ्या भाच्यानं तिकोण्याहून गाडीभर वाळू आणली. वाळू बारीक पाहिजे म्हणून बजानं माझी पिठाची चाळण घेतली. मुक्ता ओरडली. मी म्हटलं, "घेऊ दे गं, रजेवर आलंय लेकरू."

फाल्गुन लागल्यावर

डोणी परसात मांडली. खाली वाळू, वर पाणी, एका टोकाला बिजागरीवर पाट. पाट पुढं-मागं ढकलला की लाट. बजा ढकलायला लागला तर लाट कधी मोठी, कधी मुडपलेली. मी म्हटलं, "सर बाजूला." पन्नास वर्षं जातं ओढलंय मी. हात आपोआप एका चालीत पडतो. बजा म्हणाला, "आजी, तू मशीन आहेस." तर आता मी समुद्र झालेय!

पहिल्यांदा वाळूत मुसळ उभं केलं. थोड्या वेळात त्याच्या बुडाशी खळगा पडला, झाडाला आळं करावं तसा. मग बजा म्हणाला, आता पोटाळ काहीतरी पाहिजे. घरातली पायली दिली, दाणे मोजायची, पितळी पट्ट्यांची. आत वाळू भरून पालथी रोवली. अगदी फोटोतला मनोरा! त्याच्या समोर साहेबांसारखे खडेही टाकले.

पायलीला खळगा पटकन पडत नाही. बजा म्हणतो, रोज दिवसभर लाटा द्यायच्या, रोजचा खळगा दुसऱ्या दिवशी वाढतो का बघायचा. संध्याकाळी पाणी गढूळ, तळ दिसत नाही. तो समोरच्या बाजूला काठी घालून चाचपतो, आणि सकाळी गाळ बसला की डोळ्यांनी बघतो. दिवेलागणीला टपालात काही आलंय का बघायला जातो. रजेवरसुदा साहेबाच्या पत्राची एवढी ओढ! कामसू आहे.

तो गेला की मी डोणी आवरते. पायलीच्या आजूबाजूला तळाशी खळगे लागले हाताला, ते दोन्ही तळव्यांनी बुजवून सारखे केले. आमच्या आईची शिकवण. उन्हाळ्यात पवनेच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरायचो, पण निघताना तो बुजवायचाच. पाण्याच्या तळाला खळगा उघडा राहिला की साती आसरा, पाण्यातल्या बाया, येऊन त्यात बसतात, आणि बसल्या की माणूस मागतात. नदीकाठी असं असताना, पोराबाळांच्या घरात परसामध्ये कसं ठेवायचं? अंधार व्हायच्या आत दोन मिनिटांचं काम. हात धुतले, तुळशीला दिवा लावला.

आज मसुराची आमटी फार छान झाली होती.

शिमग्याच्या आधी

सकाळी बजा डोणीवर ओणवा होऊन बघतच राहिला. "आजी, तळ बघ कसा सपाट आहे!"

"मंग! घर कुणाचं हाय?" मी म्हटलं.

तो नुसता डोकं खाजवत होता. काल काठीला समोर जरासा खळगा लागला होता म्हणे. चार दिवस झाले, हेच चाललंय. मला वाटलं, पोराला टापटीप आवडली.

मुक्ता माझ्यावर खेकसली, "आत्याबाई, त्याला सारखं रजा-रजा म्हनू नका." का म्हणू नये? माझ्या नातवाला रजा मिळाली हे काय झाकून ठेवायचं आहे? हिला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, पोटच्या पोराचंसुदा.

होळी

पुरणपोळ्या झाल्या. बजानं एकच खाल्ली. पण चेहरा खुललाय. पाटी घेऊन बसतो, हिशेब मांडतो. शिमग्यानंतर मुंबईला जाणार आहे साहेबांकडं. काय सांगणार ते मला म्हणाला नाही. "चांगलं आहे आजी," एवढंच.

धुळवडीनंतर

आज माझी फजिती झाली. तरी लिहिणार.

सकाळी बजा कोट घालून निघाला. नेमकी धोंडाबाई आली. बजा उंबऱ्यात थांबून तिला म्हणाला, "मावशी, घोर करू नका. लाटा खड्डा पाडतात, पण लाटा थांबल्या की पाणीच तो भरून काढतं. रोज बघतोय मी. समुद्रातही तसंच होत असणार, मनोरा आणखी कलायचा नाही. तेच साहेबांना सांगायला चाललोय, आणखी दगड टाकायची गरज नाही. ते तर खूशच होतील." आणि गेला.

धोंडाबाईनं जमिनीला हात लावून नमस्कार केला. पान लावता लावता म्हणाली, "आक्का, पानी आपसूक कसं गं भरतं खड्डा?"

मी ऐटीत म्हटलं, "आपसूक कशाला? मी रोज सांजच्याला..."

 चुन्याची डबी हातातून पडली.

धोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. ती शिकलेली नाही, पण खुळी नाही. "आक्का, तू बुजवतीस?"

"व्हय."

"अगं रांडंच्ये!" असं म्हणाली ती मला. माझ्यापेक्षा धाकटी आहे. 

मग दोघी पळालो. साठीच्या पुढची मी, अनवाणी, पदर कुठं, ओचा कुठं. बाजारातून पळताना वाणी विचारतोय, "आजी, आग लागली का?" मी म्हटलं, "पानी लागलंय!" नशीब एवढंच की घाट उतरायच्या आधी हितं प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासतात, गाडी जरा जास्त थांबते. फिटराच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक असतं.

डबा सापडेना. मी फलाटावरून ओरडत चालले, "बजाऽ! खाली उतर! खड्डा पानी न्हाई बुजवत! मी बुजवतेऽ!"

सगळी गाडी खिडकीला आली. एक टोपीवाला म्हणाला, "म्हातारीला वारा घाला." धोंडाबाई त्याच्यावर धावली. बजा शेवटच्या डब्यातून उतरला. मी सगळं सांगितलं. झिरा, आसरा, दोन्ही तळवे, रोज सांजेला. त्याचा चेहरा असा पांढरा झाला की मला वाटलं आता हा मला बोलणार, आणि बोलावंच त्यानं. शिटी झाली. तो तसाच उभा.

मग हळू म्हणाला, "आजी, कुठं बुजवत होतीस? समोर?"

"समोर कुटं? तितं खडं हायती तुजं. तितं असंल नखाएवढा." मी त्याच्याच दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. लाट छातीवर येते असं धरलं तर, "हितं आन् हितं. खांद्याच्या मागल्या अंगाला. मूठमूठ वाळू लागायची."

गाडी सुटली. त्याची ट्रंक आतच. पुढच्या ठेसनाला तार करून हौशीराम ती परत मागवतोय.

दुसऱ्या दिवशी

मला डोणीला हात लावायची बंदी झाली. पाट ढकलायचा, बाकी हात पाठीमागं. बजा रागावला नाही, तेच वाईट. मुक्ता दिवसभर एकच बोलली, "आत्याबाई, त्याचं किती नुकसान झालं असतं तुमाला कळतंय का?" कळतंय. कोंडाजीचा जीव गेला असता. त्यापेक्षा बजाचं आणखी काय नुकसान?

सांजेला डोणीपाशी हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, बायांनो, तळाला खळगा उघडा आहे, मला ठाऊक आहे. पण हे खेळातलं आहे. इथं बसू नका.

पाडव्याच्या आधी

समोरचे खडे जागच्या जागी आहेत, जणू काल टाकले. आणि दोन्ही खांद्यांना खळगा रोज वाढतोय. सकाळी नितळ पाण्यात मीही बघते. वाळूचा कण लाटेबरोबर पायलीच्या गोलाईवरून घसरतो, खांद्याशी आला की घाबरल्यागत उठतो आणि परत येत नाही. माझे हात शिवशिवतात. मी ते कमरेला खोचून ठेवते.

बजा एकदा म्हणाला, "आम्ही दगड टाकले ते छातीवर. आणि वाळू पोखरली जाते खांद्याला."

गुढीपाडवा

गुढी उभी केली, कडुलिंब खाल्ला, श्रीखंड केलं. दुपारी सगळे निजले असताना मीच पाट ढकलत होते. धोंडाबाई शेजारी बसलेली, आता रोज येते, कुरवंड्याहून. एकदम खळगा पायलीच्या बुडाखाली गेला आणि पायली कलली. आवाज नाही, काही नाही. नुसती मान टाकली, झोप लागल्यागत.

धोंडाबाईनं तोंडाला पदर लावला.

मी पाट सोडला नाही. म्हटलं, थांबले तर बजाला पुढचं दिसणार नाही. "बजाऽ" म्हणून हाक मारली आणि ढकलत राहिले. तो आला, बघितलं, म्हणाला, "आजी, थांब आता." तरी माझा हात थांबेना, त्यानं धरून थांबवला.

आजच मुंबईला गेला. ट्रंक घेतली नाही. म्हणाला, साहेबांना सांगून पटणार नाही, घेऊनच येतो.

चैत्र

आले! माधवराव साहेब. बजाचे मोठे साहेब. मला वाटलं होतं मिशावाले असतील, तर हे बारके, चष्मा, आणि पोटाचा त्रास. मी ताक दिलं, जिरेपूड घालून. पायली पुन्हा सरळ रोवून ठेवली होती. म्हटलं, "साहेब, तुमीच ढकला." कोट काढून बिचारे पाटाला बसले. मी चाल सांगितली. दोन दिवस आमच्याकडं जेवले, दोन दिवस पाट ढकलला. तिसऱ्या सकाळी नितळ पाण्यात बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

मग म्हणाले, "बजरंगराव, तुमचं बांधकाम पक्कं आहे. मी पुलांवर म्हातारा झालो, म्हणून खड्डा पुढंच शोधत राहिलो. तुम्हाला बोललो ते मी मागं घेतो, आणि लेखी घेतो. उद्यापासून कामावर या."

झाली म्हणायची रजा! साहेब लोकांची घाई अशी. अनारसे करणार होते, तांदूळ भिजवलेले तसेच राहिले. आणि मुक्ताचं काय झालं कोण जाणे, न्हाणीघरात जाऊन हमसून हमसून रडली. पोरगा काय पहिल्यांदा कामावर चाललाय? हौशीरामही नाक शिंकरत बसला. हे घर लय हळवं आहे.

साहेबांनी आणखी एक सांगितलं. नुसते दगड खांद्याला टाकून भागणार नाही. दगडांच्या फटीतून वाळू निघून जाते, दगडच खाली जातात. गंगेच्या काठावर काम करताना त्यांनी बघितलंय. आधी काटक्याफाट्यांच्या विणलेल्या जाड चटया बुडवायच्या, त्यावर दगड. म्हणाले, "पण पावसाळ्याच्या आत एवढ्या चटया कोण विणणार?"

धोंडाबाई दारात होती. "कारवी चालंल का सायेब? आमी कूड इनतो कारवीचं, घराला. आमचा डोंगर भरलाय."

साहेबांनी परसातल्या कुडाची एक काडी मोडून बघितली. म्हणाले, "चालेल."

वैशाख

बरेच दिवस लिहिलं नाही. सगळं कुरवंडं कारवी तोडतंय. मी तिथंच जाऊन राहिलेय. पुरुष तोडतात, बायका विणतात, अंगणाएवढ्या चटया. कंपनी मजुरी देते. धोंडाबाई पहिल्या चटईची घ्यायला तयार नव्हती. मुकादमाला म्हणाली, "ही माझ्या पोराची हातरुनं हायती." बोटं सोलली, माझीसुदा. विणताना गाणी म्हटली, त्यातली निम्मी इथं लिहिण्यासारखी नाहीत. चंद्रिकाबाई वाचतील.

डोंगराच्या कडेवरून खाली कोकण दिसतं, धुरकट. धोंडाबाई विचारते, "समुद्र दिसतोय का?" मी म्हणते, "दिसतोय." दिसत नाही.

गाड्याच्या गाड्या ठेसनावर गेल्या. मालगाडीच्या वाघिणी भरल्या. हौशीराम रात्रपाळी करून आलेला, तरी भरायला उभा होता.

मृगाच्या तोंडावर

बजा एका दिवसासाठी येऊन गेला. चटया बुडाल्या, दगड पडले, दोन्ही खांद्यांना. दगड वाहणारा शेवटचा पडाव परत फिरला तेव्हा समुद्र काळा झाला होता. आता उद्याची एक होडी सोडली तर नारळी पुनवेपर्यंत तिकडं होडी जाणार नाही.

"कोंडाजी?" धोंडाबाई म्हणाली.

"तो वरच राहतोय मावशी. दिवा विझवून चालत नाही, पावसाळ्यात तर नाहीच." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आणि मीही त्याच्याबरोबर राहतोय. दगड मी टाकलेत. टाकणाऱ्यानं वर राहावं."

मुक्तानं ताट आपटलं. हौशीराम उठून बाहेर गेला. मी म्हटलं, "जाऊ दे त्याला." माझ्याच तोंडून निघालं. मग स्वैपाकघरात गेले आणि त्याच्यासाठी डांगराचं पीठ, सांडगे, लसणाची चटणी बांधली. चार महिन्यांचं बांधलं. हात चालू असला की बरं.

आखाड

वारा असा की कौलं उडतायत. समुद्रावर काय असेल?

बजा जाण्याआधी डोणीत पायली पुन्हा रोवून गेला. खांद्याशी कारवीच्या काड्यांची विणलेली इवलीशी चटई, वर खडे. म्हणाला, "आजी, करमलं नाही तर ढकल. पण हात लावायचा नाही." पाऊस पाण्यात आपटतो, मी पाट ढकलते. मुक्ता आधी ओरडायची, "भिजाल." आता घोंगडं घेऊन शेजारी उभी राहते. परवा म्हणाली, "सरा, मी ढकलते." तिचा हात घाई करतो. मी तिला चाल शिकवली.

पायली उभी आहे. सकाळी उठून पहिलं तेच बघते, मग देव.

श्रावण

काही बातमी नाही. धोंडाबाई येत नाही, ओढे भरलेत. मुक्ताला काल म्हटलं, "तू म्हणायचीस रजा म्हनू नका. आता बघ, एका दिसाची रजा न्हाई त्याला." तिनं माझ्याकडं बघितलं, काहीतरी सांगणार होती. मग माझे पाय चेपत बसली. म्हणाली, "व्हय आत्याबाई. तवा लय मिळाली हुती." गुणाची आहे तशी.

पायली उभी आहे.

गौरी जेवणाच्या दिवशी

दारात एक दाढीवाला. गोसावी समजून मी भाकरी आणली. पाया पडला. "आक्का, म्या कोंडाजी."

पहिली होडी आली तसा निघाला, आईकडं जाताना आधी आमच्याकडं. बजा ठीक आहे, वाळलाय, आणि माझी चटणी दोन महिन्यांतच संपवली. आखाडातल्या वादळात मनोरा घंटेसारखा हादरत होता म्हणाला. "आमी दोगं जिन्यात बसलो. बजरंगदादानं वरून एक वळंबा सोडला हुता, दोरीला शिसं. वाकडा झाला तर दिसावं म्हनून. त्यो रातभर त्या शिश्याकडं बगत बसला. मी दिवा बगत."

"आन् मग?"

"मंग काय? सकाळी शिसं जितल्या तितं."

मी त्याला बसू दिलं नाही. "जा आदी कुरवंड्याला. तुजी आई..."  मुक्तानं गौरीच्या ताटातलं पुरण त्याच्या हातावर ठेवलं, तो खात खातच पळाला.

कार्तिक, दिवाळी झाल्यावर

हे होडीत बसून लिहायला घेतलंय, अक्षर हलतंय, चंद्रिकाबाई माफ करा. मी, मुक्ता, धोंडाबाई. तिघींपैकी उलटी कुणाला झाली नाही ते विचारू नका. कोंडाजी वल्ह्याच्या माणसाशेजारी बसून आम्हाला हसतोय. धोंडाबाई त्याला म्हणाली, "हसतोस काय मुडद्या, ह्याच पान्यात रातीचा झोपतोस."

पुढचं मनोऱ्याच्या जिन्यात बसून लिहिलं. मनोरा जवळ आला तसा वाढतच गेला. फोटोत रांजण होता, इथं मान वर करून पदर पडला. बजा खालच्या पायरीवर उभा. काळा झालाय, पण जेवलेला दिसतो.

पायरीला लागायच्या आधी मी नावाड्याला म्हटलं, "गोल फिरव जरा." पायरीजवळच्या खांद्यापाशी आलो. पाणी हिरवं, तळ कुठला दिसतोय. खाली कुठंतरी कुरवंड्याची कारवी आहे.

मी कनवटीची पुरचुंडी सोडली. डोणीतली वाळू. पवनेची, माझ्या माहेरची.

कोंडाजी म्हणाला, "आक्का, मुठीनं समुद्र बुजवनार व्हय?"

मी म्हटलं, "गप. मुठीनंच रोज बुजवत हुते. तुज्या इंजिनेराला पंधरा दिस पत्ता लागला न्हवता."

सगळे हसले. बजाही. पण माझा हात तसाच वर राहिला. आठ महिन्यांची सवय, हात पाठीमागं घ्यायचा. मी त्याच्याकडं बघितलं.

बजा पायरीवरून वाकला आणि म्हणाला, "बुजव आजी. आता बुजव."